पिंपभर पीठ

चार्ल्स इंगल्स नावाचा एक शेतकरी ८ जून १९०२ रोजी अमेरिकेतल्या साउथ डाकोटा राज्यात, डी स्मेट या गावी वारला. वय सहासष्ट. दुखणं काळजाचं. शेत विकून त्याला दहा वर्षं झाली होती. मागं राहिलं ते गावात स्वतःच्या हातानं बांधलेलं घर, सुतारकामाची हत्यारं आणि एक फिडल. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, तिकडं खेड्यात त्याला फिडल म्हणतात.

अमेरिकेतला शेतकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हजार एकराचा धनी येतो, घराएवढ्या यंत्रावर बसलेला. हा माणूस तसला नव्हता. याची सारी हयात जमिनीमागं धावण्यात गेली आणि जमिनीनं याला पोटभर असं कधी दिलं नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्या साध्या अमेरिकन शेतकऱ्याचं नाव आज जगभर ठाऊक असेल, तर ते याचंच. कारण याच्या मधल्या मुलीनं, लॉरानं, पासष्टाव्या वर्षी बापावर पुस्तक काढलं. १९३२ ते १९४३ या काळात अशी आठ पुस्तकं झाली. माझी धाकटी लेक शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं दोन उन्हाळे ओसरीवर बसून मला ती मराठीतून सांगितली. पुढं त्या घराण्याच्या कागदपत्रांचा अभ्यास करून लोकांनी जे छापलं तेही तिनं वाचून दाखवलं. तेव्हा कळलं की मुलीनं बापाचं बरंच झाकलंय. जे झाकलं तेच मला शेतकरी म्हणून जास्त जवळचं वाटलं.

चार्ल्सचा जन्म १० जानेवारी १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा या खेड्यातला. न्यूयॉर्क म्हटल्यावर उंच इमारती मनात आणू नका. ते राज्य मोठं आहे आणि त्यात खेडीही भरपूर आहेत. बाप शेतकरीच. चार्ल्स लहान असतानाच बापानं बिऱ्हाड उचललं आणि पश्चिमेला इलिनॉयला नेलं. तिथून विस्कॉन्सिनला. १ फेब्रुवारी १८६० रोजी चार्ल्सचं कॅरोलाइन क्वायनरशी लग्न झालं. ती लग्नाआधी शाळेत शिकवत होती. विस्कॉन्सिनातच पेपिन गावाजवळच्या जंगलात त्यानं जमीन घेतली, झाडं तोडली, ओंडक्यांचं घर बांधलं. मेरी १८६५ ला झाली, लॉरा १८६७ ला. शिकार होती, लाकूडफाटा होता, शेजारी भाऊबंद होते. कुणीही म्हणेल की बाबा, राहा इथंच. पण त्याला जंगल दाटतंय असं वाटायचं आणि पश्चिमेचा माळ खुणावत होता. १८६८ साली त्यानं जमीन एकाला हप्त्यानं विकली आणि गाडीला ताडपत्री बांधली.

तेव्हाचं वारंच तसं होतं. २० मे १८६२ रोजी लिंकनच्या सहीनं होमस्टेड कायदा झाला. एकवीस वर्षांवरच्या कुणीही, नाहीतर कुटुंबाच्या कर्त्यानं, थोडी फी भरावी, १६० एकर जमीन घ्यावी, पाच वर्षं तिथं राहून ती कसावी, की जमीन त्याची. १६० एकर! आमच्याकडं बांधाच्या वीतभर सरकण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. पुढच्या काळात या कायद्याखाली सुमारे सोळा लाख लोकांना जमिनी मिळाल्या, सत्तावीस कोटी एकर. अर्ज करून, खपून, शेवटी सोडून गेलेले वेगळेच.

आणि ही जमीन सरकारच्या घरची नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. चार्ल्स गेला तो कॅन्ससमध्ये, १८६९ साली. जिथं त्यानं घर बांधलं ती जमीन ओसेज या मूळच्या लोकांची राखीव होती. सरकारनं ती अजून कुणाला खुली केलेली नव्हती. म्हणजे सरळ भाषेत हा अतिक्रमण करणारा. १८७० च्या शिरगणतीत त्याचा धंदा सुतार असा लिहिलाय आणि जमिनीच्या किमतीचा रकाना कोरा, कारण जमीन त्याची नव्हतीच. असे हजारो लोक तिथं घुसले आणि ओसेज लोकांना अखेर जमीन विकून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. लॉराच्या पुस्तकात ते लोक घोड्यांवरून ओळीनं निघून जातात आणि हे कुटुंब दारात उभं राहून बघतं. लेकीनं तो भाग सांगितला तेव्हा मला धरणात गेलेल्या गावांच्या बैलगाड्या आठवल्या. तिकडं फरक एवढाच की बघणारे त्याच जमिनीसाठी आलेले होते.

चार्ल्सलाही ते शेत लाभलं नाही. पेपिनची जमीन ज्यानं घेतली होती त्याचे हप्ते थकले, जमीन परत अंगावर आली, आणि १८७१ ला हे कुटुंब आल्या वाटेनं माघारी गेलं. तोवर कॅरी नावाची तिसरी मुलगी झाली होती.

आता खरी गोष्ट येते ती १८७४ ची. या साली चार्ल्सनं पेपिन पुन्हा सोडलं आणि मिनेसोटा राज्यात वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ, प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी जमीन धरली. १७२ एकर. जंगल नाही, झाडं तोडायला नकोत, सपाट काळा माळ. सुरुवातीला राहायला ओढ्याच्या दरडीत खोदलेलं घर, वर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या थराचं छप्पर. शेजारच्याला बाहेरून दिसूही नये असं. लॉरानं लिहिलंय की एका बैलाचा पाय छपरातून आत आला होता. गव्हाच्या भरवशावर चार्ल्सनं उधारीनं कापीव फळ्या आणल्या आणि चांगलं घर बांधलं. पीक डोळ्यांपुढं उभं आहे म्हणून उधारी करणं ही चूक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी शेती केलेली नाही. दुसरं करणार काय?

या भागात १८७३ पासूनच टोळ येत होते. रॉकी पर्वतातला टोळ ही तिथली एक जात. दोनअडीच इंचही नाही, पण थवा असा की सूर्य झाकावा. १८७५ साली नेब्रास्कात एका डॉक्टरनं थवा किती वेळ डोक्यावरून जातोय ते मोजलं, तारेनं आजूबाजूच्या गावांची खबर घेतली आणि हिशेब मांडला. थवा ११० मैल रुंद आणि १८०० मैल लांब. टोळ उतरले की गहू, मका, कोबी, पालेभाज्या जायच्याच, पण कांदाही जमिनीखाली पोखरून खात आणि वर नुसतं भोक राहत असे. घामाचं मीठ मुरलेले खुरप्या-फावड्यांचे दांडे कुरतडत. घोड्याचं कातडी सामान, वाळत घातलेले कपडे, मेंढ्यांच्या अंगावरची लोकर, सगळं. रुळांवर चेंगरून इतके पडत की आगगाडीची चाकं जागच्या जागी फिरत. आणि जाताना ते जमिनीत अंडी घालून जात. म्हणजे पुढच्या सालाचं संकट या सालीच पेरून ठेवलेलं.

लोकांनी काय केलं? चर खणले, जाळ केले, पत्र्याला डांबर फासून तो शेतातून ओढत नेला म्हणजे टोळ उडून त्यावर चिकटावेत. सरकारनं टोळांना मापावर पैसे दिले. बायकापोरं पोत्यात टोळ भरत. काही गेले, काही मेले, पण शेत वाचलं असं नाही झालं. चार्ल्स पूर्वेकडच्या भागात, जिथं टोळ नव्हते तिथं, दुसऱ्याच्या कापणीला रोजंदारीवर गेला. स्वतःचं पीक टोळांनी खाल्लं आणि हा परक्याचा गहू कापतोय. लॉराच्या पुस्तकात तो फाटक्या बुटांनी शेकडो मैल चालत जातो. मैल किती ते सोडा, चालत गेला हे मला पुरं आहे.

आता लॉरानं जे आठ पुस्तकांत कुठंच लिहिलं नाही ते. ३० नोव्हेंबर १८७५ रोजी चार्ल्स इंगल्सनं एका कागदावर सही केली. टोळधाडीतल्या शेतकऱ्यांना काउंटीकडून मदत मिळत होती. काउंटी म्हणजे आपला तालुका-जिल्हा धरा. पण त्यासाठी लिहून द्यावं लागे की माझ्याजवळ कसलंही साधन उरलेलं नाही, मी पुरता निष्कांचन आहे. ते लिहून दिल्यावर त्याला अर्ध्या मापाची दोन पिंपं पीठ मिळालं. एक पुरं पिंप धरायचं, १९६ पौंड, म्हणजे नव्वद किलोला थोडं कमी. किंमत सव्वापाच डॉलर. घरात तेव्हा बाळंतीण होती. १ नोव्हेंबरला मुलगा झाला होता, फ्रेडी. तीन मुलींवरचा पहिला मुलगा.

या सहीपाशी मी बराच अडून राहिलो. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. कामावर पोरांना सुकडी मिळे आणि रेशनला मिलो, ती लाल ज्वारी. ती अमेरिकेतूनच बोटीनं यायची, म्हणजे चार्ल्सच्याच माळाकडची म्हणायला हरकत नाही. सुकडी वाटणारा माणूस बायांना मुद्दाम विचारायचा, "मावशी, घरात दाणं किती हायेत?" कणगीत पायलीभर असले की आई बेधडक सांगायची, "काय नाय बाबा, मोकळी हाय कणगी." पण ज्या आठवड्यात ती खरंच मोकळी होती, त्या आठवड्यात तिच्या तोंडून ते निघालं नाही. ती नुसती उभी राहिली. चार्ल्सनं तर ते कागदावर लिहून खाली सही केली.

मिनेसोटाच्या गव्हर्नरांचं त्या काळातलं वागणंही ऐकण्यासारखं आहे. १८७६ ला जॉन पिल्सबरी गव्हर्नर झाला. घराणं पिठाच्या गिरण्यांचं. म्हणजे गव्हावर मोठा झालेला माणूस. तो स्वतः टोळधाडीच्या भागात हिंडला, पदरचंही दिलं म्हणतात. पण त्याचं मत असं की सरकारनं सढळ हातानं दिलं तर माणसं आळशी होतील, त्यांचा कणा मोडेल. मदत तुटपुंजी ठेवली आणि २६ एप्रिल १८७७ हा राज्यभर प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. टोळ त्याच साली उन्हाळ्याअखेर उठून गेले. भाविक म्हणाले प्रार्थनेनं गेले. मी म्हणतो गेले ते बरं झालं. पण शेतकऱ्याला मदत केली की तो बिघडतो, हे वाक्य मी माझ्या आयुष्यात इतक्या खुर्च्यांवरून ऐकलंय की दीडशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या देशात तेच ऐकून मला हसूच आलं.

त्याच १८७५ सालात आमच्या भीमथडीत काय चाललं होतं? १२ मेला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, खतं-रोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात आहेत. त्याचं एक मूळही अमेरिकेतच होतं. १८६१ ते ६५ तिकडं यादवी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आमच्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि वाढलेला सारा आणि सावकाराचं देणं मात्र तसंच राहिलं. इकडं रोखे जाळले, तिकडं माणूस गपचूप सही करून पिंप घरी घेऊन गेला. चार्ल्सच्या जागी कुणी सावकार दारात उभा नव्हता. टोळांचं कुणाचं दुकान फोडणार?

१८७६ च्या उन्हाळ्यात त्यानं प्लम क्रीकची जमीन ४०० डॉलरला विकली. सरकारात भरले त्याहून कमीच. मग कुटुंब आयोवा राज्यात बर ओक या गावी निघालं, तिथं एका हॉटेलच्या कामात हात द्यायला. वाटेत नातलगांकडं थांबले असता २७ ऑगस्टला फ्रेडी गेला. नऊ महिन्यांचं पोर. त्याला त्या परक्या गावात पुरून ही माणसं पुढं गेली. पुन्हा मुलगा झाला नाही. १८७७ ला ग्रेस झाली, चौथी मुलगी.

बर ओकचं ते वर्ष लॉरानं पुस्तकांतून साफ गाळलं, फ्रेडीलाही गाळलं. त्याआधी तिनं साधी आठवणींची वही लिहिली होती, ती पार २०१४ साली छापली गेली. तिच्यात आहे की घरमालकाचं भाडं थकलं, तो घोडे ओढून नेईन म्हणाला, आणि बापानं रातोरात गाडी जुंपून गाव सोडलं. भाड्यासाठी नांगराचं जनावर सोडायचं नाही, हा हिशेब कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही.

वॉलनट ग्रोव्हला परत आल्यावर तो सुतारकाम करी, काही दिवस खाटकाचं दुकान चालवलं, गावचा न्यायपंचही झाला. १८७९ ला थोरली मेरी तापानं आजारी पडली आणि चौदाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली. डॉक्टरचं देणं झालं. त्याच साली रेल्वेचा रस्ता पश्चिमेला सरकत होता. त्या कामावर भांडार सांभाळायची आणि मजुरांची हजेरी लिहायची नोकरी त्याला मिळाली. दोनचार वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या हजेरीवर कापणीला गेलेला माणूस आता हजेरी लिहायला लागला.

रेल्वेसोबत तो डाकोटात पोहोचला आणि फेब्रुवारी १८८० मध्ये डी स्मेटजवळ १६० एकरांचा होमस्टेड अर्ज केला. आता वय चव्वेचाळीस. कॅरोलाइननं बजावलं होतं म्हणे, की आता यापुढं हलायचं नाही, पोरींना शाळा पाहिजे. पहिल्याच हिवाळ्यानं परीक्षा घेतली. ऑक्टोबर १८८० मध्ये बर्फाची वादळं सुरू झाली ती एप्रिलपर्यंत. जानेवारीपासून मेपर्यंत गावाला आगगाडी आली नाही. कोळसा संपला तर गवताच्या पेंढ्या पिळून जाळल्या. पीठ संपलं तर बियाणाचा गहू कॉफी दळायच्या हातयंत्रात दळून भाकरी केली. बियाणं खाणं म्हणजे काय, हे शेतकरी वाचकाला वेगळं सांगत नाही.

पण इथं तो टिकला. १८८६ साली दोन साक्षीदार उभे करून त्यानं सहा वर्षांची कसवणूक सिद्ध केली आणि १६० एकर नावावर झाले. पन्नाशीत पहिल्यांदा त्याला अशी जमीन मिळाली की जी ना कुणाची राखीव होती ना उधारीत गुंतलेली. वाटेल आता गाडी रुळावर आली. तर नाही. डाकोटात लागोपाठ कोरडी वर्षं पडली. घरात मुलगा नाही, स्वतःचं अंग थकलेलं. १८९२ साली त्यानं ती जमीन विकली. तोवर तो गावातल्या घरात राहायला आलेलाच होता. पुढं सुतारकी, थोडी दुकानदारी, विम्याची दलाली, गावकीची कामं. गाव त्याला मान देई. चर्च उभारणाऱ्यांतही तो होता.

त्याच्या हयातीत जमीन राहिली नाही, पण एक गोष्ट झाली. आंधळी मेरी आयोवातल्या अंधांच्या कॉलेजात १८८१ ला गेली आणि १८८९ ला शिकून बाहेर पडली. तिची फी डाकोटाच्या सरकारनं भरली. लॉरा म्हातारपणी सरकारी मदतीच्या विरोधात बोलायची. १९३० च्या मंदीत रूझवेल्टनं शेतकऱ्यांसाठी योजना काढल्या, त्या तिला आवडत नव्हत्या. माझा बाप स्वतःच्या पायावर उभा राहिला, असं तिचं म्हणणं. मला तिचा राग येत नाही. आईबापाची सही कुणी चव्हाट्यावर आणत नाही. पण जमीन सरकारनं ओसेजांकडून आणि इतरांकडून काढून दिली, रेल्वेला माळ सरकारनं दिला, पीठ काउंटीनं दिलं, बहिणीची फी सरकारनं दिली. आणि एवढं घेऊनही तो माणूस आळशी झाला नाही. सहासष्टाव्या वर्षापर्यंत हातातली करवत सुटली नाही.

टोळांचं पुढं काय झालं तेही सांगतो. इतका अफाट जीव, पण तीस वर्षांत नाहीसा झाला. जिवंत टोळ शेवटचा पाहिला गेला तो १९०२ साली, कॅनडात. अभ्यासक म्हणतात की थवे दूरवर पसरायचे खरे, पण त्यांची कायमची वस्ती रॉकी पर्वतातल्या थोड्या नदीखोऱ्यांत होती. नवे शेतकरी तिथं आले, त्यांनी ओली माती नांगरली, पाटाचं पाणी फिरवलं, गुरं चारली आणि अंडी असलेली जमीनच उलथीपालथी झाली. कुणालाही ठाऊक नव्हतं की आपण टोळ संपवतोय. डांबराच्या पत्र्यांनी जे झालं नाही ते साध्या नांगरटीनं झालं. चार्ल्सच्या नांगराचा त्यात वाटा नाही, तो त्या खोऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही.

बाप अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर लॉरा मिसूरीहून आगगाडीनं डी स्मेटला आली आणि शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ होती. त्याला गावच्याच कबरस्तानात पुरलं. माळावरच्या त्या १६० एकरांत त्यानं लावलेली कॉटनवूडची काही झाडं अजून आहेत, पिंपळासारखी पानं हलणारी. फिडल लॉराकडं गेलं. ते मिसूरीत मॅन्सफील्ड या गावी तिच्या घराशेजारच्या संग्रहालयात ठेवलंय आणि अधूनमधून कुणीतरी ते काचेतून काढून वाजवतं, म्हणजे त्याचं लाकूड बसकं होत नाही.